हात न घालता

"केतन, आधी खालची झडप उघडलीस ना?" भीमसेन यांनी ओरडून विचारलं.

"उघडली हो, बाबा!" नळीशी झटत जावई म्हणाला.

"बघ बाबा. नाहीतर टाकी तुंबून सगळं संडासातून वर येईल. मग तू आणि तुझी गाडी!"

नेदरलँड्समध्ये आल्मेरेजवळच्या कॅम्पिंगवर मैल्याच्या टाक्या रिकाम्या करायला गाड्यांची रांग होती. केतनने हौसेने घेतलेल्या जुन्या, मोठ्या कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, टाकीतच फवारा बसवलेला होता. बाहेरून पाण्याची नळी जोडली की तो टाकी आतून धुऊन काढी. पुण्याहून लेकीकडे आलेले भीमसेन दर वेळी कान लावून तो आवाज ऐकत.

"काय डोकं लावलंय! माणसाने हात घालायलाच नको."

"म्हणजे पैकीच्या पैकी?" लेकीने, प्रणिताने विचारलं.

"छे! भोकं क्षाराने बुजतात, लांबचा कोपरा तसाच राहतो. पाणी तर किती पितो! पण हात वाचतात गं." नळी धरायला ती वाकली, तसा त्यांनी तिचा हात बाजूला केला. "तू नाही. तू चहा टाक."

सारी नोकरी त्यांनी ड्रेनेज खात्यात काढली, मॅनहोलमध्ये उतरून. घरी मात्र आंघोळ करून, इस्त्रीच्या शर्टात येत. लेकीला शाळेत घालताना त्यांनी बजावलं होतं, "वडील महापालिकेत आहेत, एवढंच सांगायचं." शाळेत, इकडे डेल्फ्टच्या विद्यापीठात, ऑफिसात ती तेवढंच सांगत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमसेन झोपेतून उठलेच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच रांगेत केतन म्हणाला, "तू बस, मी करतो."

"नको. आज मी."

तिने हातमोजे चढवले, झडप उघडली, नळी जोडली. पाणी गढूळच येत होतं. तिने फवारा थांबवला, लांबच्या कोपऱ्यासाठी संडासातून दोन बादल्या पाणी ओतलं आणि फवारा पुन्हा सुरू केला. नितळ पाणी आल्यावरच बंद केला.

मागच्या गाडीतली म्हातारी डच बाई कौतुकाने बघत होती. "इतकं नीट कुणी शिकवलं गं?"

"वडिलांनी. महापालिकेत होते."

"काय करायचे?"

केतनने चमकून वर पाहिलं. प्रणिता सरळ उभी राहिली.

"गटारं साफ करायचे," ती म्हणाली. "आत उतरून. फार सुंदर काम करायचे माझे बाबा."