सातखणी आणि आगाऊ दिवस

मी सात खणांची डबी बोलतेय. हो, गोळ्यांचीच. दागिन्यांची डबी असते तर तुम्ही जरा कान देऊन ऐकलं असतंत, ठाऊक आहे मला. पण दागिन्यांची डबी माणसं सणासुदीला उघडतात. मला रोज सकाळी उघडतात, तीही पाण्याचा पेला हातात घेऊन.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लॅस्टिक आत गेलं, थंड झालं आणि माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एकदम बाहेर पडल्या. कुणी थोरली नाही, कुणी धाकटी नाही. प्रत्येकीला सात खण, सात झाकणं आणि झाकणांवर वारांची अक्षरं. औषधांच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी आम्ही धूळ खात पडलो होतो. तिथून एका शनिवारी मला सूनबाईने उचललं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. तिचे सासरे, म्हणजे अण्णा, तिला तशी हाक मारतात, म्हणून मीही मारते. अण्णा जन्मभर शिंपीकाम केलेले. रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची विसरायचे, तर कधी घेतलेली विसरून दुसरी घ्यायचे. त्या आठवड्यात त्यांच्या मुलाला ओव्हरटाइमचे पैसे मिळाले होते, त्यात मी बसले.

अण्णांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "सात खण? अगं, तेवढ्यात सात जणींचे ब्लाऊज शिवले असते की मी!" म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. त्याच दिवशी माझं नाव पडलं, सातखणी.

माझी अक्षरं त्यांच्या अंगठ्याने लवकरच पुसली. मग त्यांनी चिंध्यांच्या पिशवीतून तुकडे काढले आणि एकेका झाकणावर चिकटवले. सोमवारला पांढरा, मंगळवारला लाल, बुधवारला निळ्या रेघांचा, असे. "अक्षर डोळ्याला दिसो न दिसो, कापड माझ्या बोटाला कळतं," म्हणाले. बहिणींपैकी कुणाच्या अंगावर असे कपडे असतील, असं मला नाही वाटत. मी जरा चढून गेले, कबूल.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी अण्णांचं शिलाई मशीन, त्याच्यावर फळी. फळीवर मी आणि माझ्या शेजारी बटणांचा डबा. हा बटणांचा डबा लक्षात ठेवा.

मुलगा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर. पगार आठवड्याचा, दर शनिवारी, रोख. शनिवारी पैसे आले की किराणा यायचा, अण्णांच्या गोळ्या यायच्या आणि संध्याकाळी मी भरली जायचे. माझा आठवडा तोच घराचा आठवडा. शनिवारी सकाळी सगळेच रिकामे, संध्याकाळी सगळेच भरलेले. ओढाताण होती, पण तिला एक ताल होता.

आणि मग एके दिवशी मुलगा मिठाईचा पुडा घेऊन घरात शिरला. "अण्णा, मी पर्मनंट झालो! आता पगार महिन्याचा. सात तारखेला, थेट बँकेत."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. मीसुद्धा खूश झाले. सुख कुठल्या पावलांनी येतं आणि मागून कुणाला घेऊन येतं, हे एका डबीला काय कळणार?

पहिला पगार हाती येईपर्यंतच घराने साठवलेली पुंजी खाऊन टाकली. पण सात तारीख आली, आणि एवढे पैसे एकरकमी त्या घरात प्रथमच दिसले. सूनबाई हुरळली नाही. तिने चिंध्यांच्या पिशवीतून कापडाचे चार तुकडे घेतले आणि पैशांच्या चार पुरचुंड्या बांधल्या.

"महिन्याचे चार आठवडे, चार पुरचुंड्या. दर आठवड्याला एक सोडायची. म्हणजे सगळं पहिल्यासारखंच!"

"अहाहा, अर्थमंत्रीण!" नवरा म्हणाला.

अण्णा चष्मा पुसत पुरचुंड्यांकडे पाहत राहिले. गिऱ्हाईक अंगापेक्षा कापड कमी घेऊन आलं की ते असेच पाहायचे.

तुमच्या लक्षात आली का चूक? माझ्या आली, कारण आठवडा म्हणजे मी स्वतः. मला चारदा भरा आणि चारदा रिकामी करा, महिना संपत नाही. फेब्रुवारीचा अपवाद सोडला, तर वर दोन दिवस उरतात, नाहीतर तीन. सूनबाईने त्यांना नाव ठेवलं, आगाऊ दिवस. एक तर ते पगाराच्या आगाऊ, म्हणजे आधीच येऊन उभे राहतात, आणि स्वभावानेही आगाऊच.

पहिल्या महिन्यातल्या आगाऊ दिवसांत चौथी पुरचुंडी चिंधीसारखी लोंबत होती आणि माझे सातही खण कोरडे होते. औषधवाला उधार देत नाही. सूनबाई शेजारणीच्या दारात गेली. पैसे घेऊन परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"पगार झाला की देते, पगार झाला की देते, असं किती वेळा म्हणायला लावलं हो तिने," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "आणि कशाला हवेत तेही विचारलं. सासऱ्यांच्या गोळ्यांना म्हटलं, तर म्हणते, एवढ्याचीसुद्धा सोय नाही?"

दोन खोल्यांमधल्या पडद्याच्या अलीकडे अण्णा बसले होते. त्या दिवशी त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

पुढच्या बुधवारी त्यांनी निळ्या रेघांचं झाकण उघडलं, गोळी उचलली, वर मान करून पाणी प्याले. गोळी मुठीतच होती. मग बटणांच्या डब्याचं झाकण उघडलं, 'टक्' असा आवाज आला आणि झाकण लागलं.

सूनबाई हात पुसत आली. "घेतलीत ना, अण्णा?"

"हो तर."

तिने माझा रिकामा खण पाहिला, समाधानाने झाकण दाबलं आणि गेली. मी आतल्या आत ओरडत होते. मला तोंडं सात आहेत, पण बोलायला एकही कामाचं नाही.

शिंप्यांच्या भाषेत एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. माणूस अंगाने भरला की ती माया उसवून कपडा मोठा करता येतो. कापड कमी पडलं, तर शिंपी प्रत्येक शिवणीतली थोडीथोडी माया काढून घेतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. अण्णा तेच करत होते. दर आठवड्याची एक गोळी काढून आगाऊ दिवसांना जोडत होते. पण माया काढलेला कपडा जरा ताणला की शिवणीतून जातो. हे त्यांनीच कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलं असेल.

दुसऱ्या महिन्याचे आगाऊ दिवस आले. अण्णांनी गोळ्या पुढे केल्या. "मागच्या पट्टीतल्या राहिल्यात बघ."

"बसलं बाई या महिन्यात सगळं!" सूनबाई म्हणाली. शहाणी आहे हो ती. पण जिवाला हायसं वाटलं की शहाणं माणूसही फार खोलात शिरत नाही.

तिसऱ्या महिन्यात विजेचं बिल वाढून आलं. अण्णा बुधवारच्या जोडीला शनिवारची गोळीही बटणांच्या डब्यात टाकू लागले. मग एका दुपारी मशीनवरून उठताना त्यांचा तोल गेला. भिंत धरत धरत ते खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. सूनबाईने हाका मारल्या तेव्हा नुसता हात हलवला.

डॉक्टरांकडे जाताना तिने मला पिशवीत टाकलं. डॉक्टरांनी दाब मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "गोळी रोज घेतात?"

"रोज म्हणजे रोज! हे बघा ना." तिने मला टेबलावर ठेवलं आणि होऊन गेलेल्या वारांची झाकणं उघडली. "सगळे खण रिकामे आहेत."

अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. आणि मी तोंड वासून खोटी साक्ष देत होते. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही.

"मग ही गोळी लागू पडत नाही," डॉक्टर म्हणाले. "ताकद वाढवू या."

वाढवलेल्या ताकदीची किंमतही वाढलेली होती. परत येताना सूनबाई चालता चालता बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. अण्णा तिच्या बोटांकडे बघत होते. मला तेव्हाच धडकी भरली.

आता काय व्हायचं, तर बाकीचे दिवस दुप्पट ताकदीची गोळी आणि बुधवार-शनिवार नुसतं पाणी. अण्णांना सुईत दोरा ओवता येईना. सकाळी उठले की पलंगाची कड धरून बसून राहायचे. सूनबाई दहा वेळा येऊन बघायची. "एवढं औषध चालू आहे, मग उतरत कसं नाही हो?" ती नवऱ्याला विचारायची. बुधवार जवळ आला की माझं निळं झाकण मला जड व्हायचं.

एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "साहेबांना विचारतो, परत रोजंदारीवर घ्या म्हणून. हा महिन्याचा पगार आपल्याला काही झेपत नाही. आठवड्याचे पैसे होते तेच बरं होतं."

अण्णांचा घास हातातच राहिला. मुलगा पर्मनंट झाला म्हणून ज्यांना त्यांनी स्वतः सांगत फिरून मिठाई दिली होती, ती सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावीत. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारीही ते नुसतं पाणीच प्याले.

मग पुन्हा आगाऊ दिवस उजाडले. सकाळची वेळ. मुलाची पहिली पाळी होती आणि गणवेशाचं वरचं बटण तुटलेलं. तो दारात उभा राहून घाई करत होता, अण्णा न्हाणीत होते. सूनबाईने सुईत दोरा ओवला, बटणांच्या डब्यात बोटं घातली आणि एक पांढरं बटण उचललं.

सुई टोचायला भोक सापडेना. तिने बटण फिरवलं. दुसऱ्या बाजूलाही भोक नव्हतं. तिने दुसरं उचललं. त्यालाही नाही. मग तिने अख्खा डबा पलंगावर उपडा केला, आणि बटणांतून एकेक बिनभोकाचं वेगळं काढू लागली. पलंगावर गोळ्यांचा छोटा ढीग झाला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, अखेर कुणीतरी माझं ऐकलं.

अण्णा पंच्याने डोकं पुसत आले ते दारातच थबकले.

"अण्णा, हे काय आहे?"

"अगं, ते..."

"काय आहे हे?"

अण्णा स्टुलावर बसले. "कापड कमी होतं, पोरी. तू बेतलंस ते चुकलं नव्हतं, महिनाच लांब निघाला. म्हटलं, माझ्या शिवणीतून थोडी माया काढू. कुणाला दिसत नाही."

"माया कापडातून काढतात, अण्णा! अंगातून नाही!" ती ओरडलीच. सासऱ्यांवर तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "त्या डॉक्टरांपुढे मी छाती ठोकून सांगितलं, रोज घेतात म्हणून. तुम्हाला काही झालं असतं तर मी माझं तोंड कुठे लपवलं असतं? शेजारणीच्या दारात मी दहा वेळा उभी राहीन. हसत उभी राहीन. पण हे नको."

मुलगा बटण नसलेल्या गणवेशात भिंतीकडे तोंड करून उभा होता. पाळी चुकली तरी तो हलला नाही.

अण्णा रडले. मोठा आवाज नाही, पण रडले.

मग सूनबाईने नाक पुसलं आणि विचारलं, "शिवताना माया कधी सोडतात?"

"आधी. कात्री लावायच्या आधी. राहील त्यात बेतायचं."

त्याच दिवशी मला पुन्हा डॉक्टरांपुढे नेलं, आणि या वेळी खरं सांगितलं. डॉक्टर अण्णांना खूप बोलले, आणि बोलायलाच हवं होतं. गोळीची ताकद पुन्हा उतरवली.

सात तारखेला पगार आला तेव्हा सूनबाईने सगळ्यात आधी एक छोटी पुरचुंडी बांधली, निळ्या रेघांच्या कापडात. ती आगाऊ दिवसांची. उरलेल्या पैशांच्या चार केल्या. चारही आधीपेक्षा हडकुळ्या झाल्या. मुलगा येताना बसऐवजी पायी येऊ लागला, सूनबाईने शेजारणीचे पडदे शिवायला घेतले, अण्णा शेजारी बसून तिला टीप कशी घालायची ते दाखवतात. पैशाची चणचण गेलेली नाही. पण परत रोजंदारीवर जायची भाषा कुणी करत नाही.

मी आता म्हातारी झालेय. बुधवारच्या झाकणाची बिजागरी ढिली पडली आहे. एखाद दिवशी ते गळून पडेल आणि माझ्या जागी नवी येईल, बिनकपड्यांची. तिला आणि तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. रिकामा खण म्हणजे पोटात गेलेली गोळी नव्हे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस 'हो तर' म्हणालं, तरी जरा थांबा. त्याच्या मुठीकडे बघा.

सूनबाई आता थांबते. घोट गळ्याखाली उतरेपर्यंत समोर उभी राहते. अण्णा लहान मुलासारखे 'आ' करून दाखवतात.

परवा, आगाऊ दिवसांतलाच बुधवार होता. तिने निळ्या रेघांचं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. खणात गोळी नव्हती, एक पांढरं बटण होतं. तिने झटकन अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी जीभ बाहेर काढली. गोळी जिभेवर होती. मग त्यांनी पेला उचलला आणि सावकाश सगळं पाणी संपवलं.

"भोकं मोज," अण्णा म्हणाले.

चार होती. तिने हसत हसत मोजली, आणि मग पदराने डोळे पुसले.