दोघांपुरती शेगडी

मालविकानं ग्रिलचं झाकण उचललं आणि आत वाकून वास घेतला. नव्या रंगाचा वास आला, थोडा लोखंडाचा. दुसरा कुठलाच नव्हता. तरी तिनं पदरानं नाक पुसलं.

"एकदम नया माल है, भाभीजी. किसी ने छुआ तक नहीं," दुकानदार म्हणाला. "घर में कितने लोग हैं?"

"दो."

"फिर भी बड़ावाला लीजिए. मेहमान-वेहमान आएँगे, तब?"

"इसके लिए कोई नहीं आएगा."

सुमंत चार पावलं लांब, प्रेशर कुकरच्या मांडणीपुढे उभा होता. एका कुकरच्या खोक्यावरचा मजकूर तो वर्तमानपत्र वाचावं तसा वाचत होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, विद्यापीठाच्या कचेरीत दहा जणांवर हुकूम चालवणारा, आणि इथे शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखा उभा. मालविकाला त्याचीही किळस आली.

विजेवरचं ग्रिल तिनं आधीच बाजूला सारलं होतं. गच्चीवर वायर न्यायची तर ती देवघरावरून जाणार. गॅसवरच्याला स्वयंपाकघरातला सिलिंडर लागणार, म्हणजे तेही नको. राहिलं कोळशावरचं. त्यातलं तीन पायांचं, गोल, सगळ्यात लहान तिनं पुढे ओढायला लावलं.

"जाली निकलती है?"

"निकलती है."

"राख कहाँ गिरेगी? ढक्कन बंद करने की कुंडी है? हमारे यहाँ बंदर बहुत हैं."

"सब है, भाभीजी. और देखिए, चर्बी टपककर इस कटोरी में जमा होगी. बस, उठाकर फेंक दीजिए."

चरबी म्हटल्याबरोबर तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. "अहो," तिनं वळून हाक मारली, "ही बघा. चालेल?"

"तुला पसंत असेल ती घे," सुमंत कुकरकडे बघतच म्हणाला.

"खाणार तुम्ही आहात."

दुकानदार हसायला लागला होता, पण तिचा चेहरा पाहून त्यानं पावतीपुस्तक ओढलं.

दोन महिन्यांपूर्वी सुमंतचं पोट बिघडून तो आठवडाभर अंथरुणावर होता. डॉक्टरांनी मालविकाच्या देखत विचारलं, "बाहर का मांस-मछली आखिरी बार कब खाया?" सुमंतनं छताकडे बघून उत्तर दिलं, "गुरुवार को." डॉक्टर लिहीत राहिले. मालविकाच्या हातातला औषधांचा कागद मात्र घामानं ओला झाला.

गुरुवारी तिचा दत्ताचा उपास असायचा. संध्याकाळी घरात चूल पेटत नसे, म्हणून सुमंत प्रल्हादबरोबर बाहेर खाऊन यायचा. प्रल्हाद त्याच्याच कचेरीतला, नदीपलीकडे रामनगरला राहणारा. पुरीभाजी खात असतील, असं ती बावीस वर्षं समजत होती. आठ वाजता सुमंत घरी येई, पाय धुई, आणि ती आरतीनंतर त्याच्या हातावर पेढ्याचा तुकडा ठेवी. त्याच हातावर. हे आठवलं की तिला स्वतःची बोटं सुद्धा धुवावीशी वाटत.

ती रडली नाही, भांडलीही नाही. तिच्या माहेरी, शिंदे घाटावरच्या त्या भिक्षुकांच्या घरात, कुठल्याही अडचणीवर एकच तोडगा असे, तो म्हणजे वेगळं भांडं. आत्याला क्षय झाला आणि वैद्यांनी अंडी सांगितली तेव्हाही घर हादरलं नव्हतं. गच्चीवर वेगळी शेगडी गेली, वेगळी कढई गेली, चमच्याला लाल दोरा बांधला गेला. आत्या अकरा वर्षं गच्चीवर अंडी खात होती, भिंतीकडे तोंड करून, आणि खाली सोवळं जसंच्या तसं होतं. मालविकानं सासरीही तीच शिस्त आणली. पाण्याचे पेले वेगळे, टॉवेल वेगळे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुमंतनं गमतीनं तिच्या पानातला पापडाचा तुकडा उचलला, तर ती भरल्या पानावरून उठली होती. त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही. शहाणा माणूस, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता याही गोष्टीला भांडं मिळालं की झालं. नवरा चोरून खाणार नाही, गुरुवारी घरी राहील, आणि पुन्हा खोटं बोलणार नाही. एवढ्यासाठी ती मटणाचा वास सोसायला तयार होती.

रविवारी दुपारी सुमंत काळ्या पिशवीत मटण घेऊन आला. अहिल्याबाई घाटामागच्या त्यांच्या गल्लीत शेजारी दारात बसलेलेच असतात, म्हणून पिशवी भाजीखाली लपवून आणली होती. चिमट्याला मालविकानं लाल दोरा बांधून ठेवला होता. एक ताटली, एक वाटी, गच्चीच्या नळाशी वेगळा साबण, सगळी तयारी होती.

जिन्याच्या दारात ती पदरानं नाक दाबून उभी राहिली. आता काहीच लपून व्हायचं नाही, असं ठरवलं होतं, म्हणून बघायचंही ठरवलं होतं. तांबडे, ओले तुकडे जाळीवर पडले आणि चुरचुरले. धूर तिच्याकडेच वळला. केसांत शिरेल, साडीत शिरेल, उद्या देवापुढे बसताना येईल. पलीकडच्या गच्चीच्या कठड्यावर दोन माकडं येऊन बसली आणि तीही बघत राहिली.

सुमंतनं ताटलीत तुकडे घेतले. नदीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची त्यानं उचलली, भिंतीकडे वळवली आणि बसला. मालविकाला त्याची पाठ दिसत होती आणि हलणारा जबडा. तीन तुकडे खाऊन त्यानं ताटली खाली ठेवली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच? अर्धा किलो आणलं होतं ना?"

"पोट भरलं, मालू."

तिला संताप आला. बावीस वर्षांचं खोटं, दुकानातली ती लाज, घरभर हा वास, आणि हे सगळं तीन तुकड्यांसाठी! उरलेलं त्यानं खाली जाऊन गल्लीतल्या कुत्र्याला घातलं. मग जाळी घासली, तिनं शिकवलं होतं तशी, राखेनं दोनदा.

गुरुवारी साडेपाचला त्यानं सदरा बदलला.

"कुठे?"

"प्रल्हादकडे जाऊन येतो जरा."

"डॉक्टरांनी सांगितलंय—"

"नाही खात गं ते. सोडलंय." तो चपला शोधत म्हणाला.

तिला एक अक्षर खरं वाटलं नाही. म्हणजे शेगडी वाया गेली होती. किळस सोसली तीही वाया गेली होती.

त्याच संध्याकाळी तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, नंदाकडे, रामनगरला नातवाचं बारसं होतं. परतताना पुलाच्या अलीकडे रिक्षा अडकली. पुढे ट्रॅक्टर आडवा झाला होता, आणि रस्त्याच्या कडेला एका टपरीवर गर्दी होती. बाकावर सुमंत बसला होता.

मालविकानं आपोआप नाकाला पदर लावला. आता दिसेल, म्हणाली मनाशी. दिसू दे. मग तिनं हळूच पदर काढला. वास वांग्याचा होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, कच्चं लसूण, मोहरीचं तेल. बाटी-चोख्याची टपरी होती ती, कणकेचे भाजलेले गोळे आणि वांग्याचं भरीत विकणारी, आणि पत्र्यावर गणपती रंगवला होता. कांदा-लसूण सोडलं तर तिच्या देवाला सुद्धा चाललं असतं असं अन्न.

सुमंतच्या पत्रावळीत चोखा होता. तो काहीतरी सांगत होता, हातवारे करून, भसाड्या आवाजात, आणि बाकावरचे सगळे हसत होते. प्रल्हादनं बोलता बोलता त्याच्या पत्रावळीतली बाटी मोडून तोंडात टाकली. सुमंतनं त्याच्या पत्रावळीतला कांदा उचलला, चावला, अर्धा परत ठेवला. तिसऱ्या कोणीतरी तोच अर्धा खाल्ला. कोणाचं लक्षही नव्हतं. सुमंत तर मान मागे टाकून हसत होता, तोंडातला घास दिसेल इतकं.

तिला शिसारी आली. अगदी पहिल्यासारखी, मटणाच्या वेळी आली तशीच. पण त्या शिसारीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जास्त वाईट होतं. या माणसाला असं हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"चलें, दीदी? रास्ता खुल गया," रिक्षावाला म्हणाला.

"चलिए."

सुमंत घरी आला, पाय धुतले, हात पुढे केला. तिनं पेढा ठेवला.

शुक्रवारी कचेरीतून तो आला तेव्हा गच्चीवरून धूर येत होता. तो घाईघाईनं वर गेला. मालविका ग्रिलपुढे बसली होती, पदर खोचून. लाल दोऱ्याचा चिमटा तिच्याच हातात होता. जाळीवर वांगी होती, सालं करपून फुटलेली, आणि बाजूला कणकेचे वेडेवाकडे गोळे.

"हे काय?"

"बसा. खुर्ची नको. इथेच बसा, खाली."

तो बसला. तिनं वांगी सोलली, कांदा-लसूण घालून ठेचली, तेल ओतलं. मग सगळं एका मोठ्या ताटात काढून दोघांच्या मध्ये ठेवलं. सुमंतनं इकडेतिकडे पाहिलं.

"तुझं ताट?"

"हेच."

त्यानं जपून एक बाटी मोडली, चोख्यात बुडवली, तोंडात टाकली. बोटं चाटायला नेली आणि तिच्याकडे बघून अर्ध्यात थांबला.

"चाटा," ती म्हणाली.

त्यानं मोडून ठेवलेली अर्धी बाटी तिनं उचलली. श्वास रोखून ती तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं घास चावला, नीट, आणि गिळला.

सुमंत तिच्याकडे टक लावून बघत होता. "मालू," तो म्हणाला, "तू काल रामनगरला… पुलापाशी आली होतीस?"

"चोखा गार होतोय," मालविका म्हणाली, आणि ताट बोटभर त्याच्याकडे सरकवून दुसऱ्या घासासाठी हात पुढे केला.