घुरघुर काढण्याचे बाराशे

एसी स्वच्छ करून घेतल्याचा कुणाला पश्चात्ताप झाला, असं सहसा ऐकू येत नाही. मुंगीच्या आईला तो झाला, आणि मेकॅनिक जिना उतरून गेल्यावर चोवीस तासांच्या आत झाला.

मुंगी म्हणजे तिची आठ महिन्यांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. आता मांड्यांना तीन-तीन वळ्या पडल्या तरी नाव बदलायची तसदी कुणी घेतली नव्हती. ही मुंगी दुपारी दीडला झोपायची आणि साडेतीनला उठायची, आणि त्या दोन तासांना तिच्या आईचं भवितव्य टांगलेलं होतं. आई शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सध्या बाळंतपणाच्या रजेवर. वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा तीन वर्षांतून एकदा व्हायची, आणि ती आता अठरा दिवसांवर येऊन ठेपली होती. सकाळ स्वयंपाकात जायची, संध्याकाळ मुंगीमागे रांगण्यात, आणि रात्री पुस्तक उघडलं की पहिली ओळ संपायच्या आत डोळे मिटायचे. उरले हे दोन तास.

"तीन वर्षांनी दे की," आजी म्हणायच्या. "पाणी कुठे पळून जातंय?"

आजी म्हणजे मुंगीच्या बाबाची आई. मनाने वाईट नव्हत्या. फक्त दुपारी एक ते चार त्या कुणाच्याही नव्हत्या. चाळीस वर्षं घर ओढल्यावर मिळालेली ही पेन्शन आहे, असं सांगून त्या आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. घराला आग लागली तरी चारनंतर सांगा, असा त्या दाराचा अर्थ होता.

राहिला एसी. झोपायच्या खोलीतला तो एसी मुंगीच्या आईबाबांच्या लग्नाहून जुना होता. तो चालायचा म्हणण्यापेक्षा दळायचा. घुर्र-टक, घुर्र-टक, घुर्र-टक. मूळचं नुसतंच घुर्र होतं. टक ही मुंगीच्या बाबाची देणगी. गेल्या वर्षी त्याने कुठलासा व्हिडिओ बघून, "सर्व्हिसवाल्यांना कशाला पैसे द्यायचे, पंधरा मिनिटांचं काम आहे," असं म्हणत जाळी काढून धुतली होती आणि पाऊण दिवस खपून परत बसवली होती. तेव्हापासून टक.

"त्या दळणाने माझं डोकं उठलंय," आजी एका सकाळी म्हणाल्या. "भिंतीपलीकडे मला ऐकू येतं. आणि त्यातली धूळ पोरीच्या नाकात जाते ती वेगळीच. बोलव त्या माणसाला."

माणूस आला. खांद्याला पंप, हातात बादली, कानामागे पेन्सिल. आजींनी त्याला दारातच अडवलं.

"किती घेतोस?"

"साधी सर्व्हिस सहाशे, मावशी. जेट मारली तर बाराशे. फोमनं केली तर पंधराशे."

"आणि नुसतं बघितलं तर?"

"बघायचे तीनशे."

"भिंत आमची, मशीन आमचं, आणि बघायचे तीनशे?"

"काम केलं तर ते तीनशे त्यात वळते, मावशी."

"म्हणजे आत आलास की बाहेर पडेपर्यंत मीटर चालूच."

तो हसला. असल्या मावश्या त्याने रोज चार पाहिल्या होत्या. स्टुलावर चढून त्याने झाकण काढलं, जाळी काढली आणि न बोलता मुंगीच्या आईच्या हातात दिली. जाळी कसली, राखाडी लोकरीचं कापड होतं ते. मग आतल्या लांबट चाकावर, ब्लोअरवर, त्याने टॉर्च मारला. ते काळंकुट्ट होतं. भाव तो एका शब्दानेही बोलला नाही. त्याने फक्त ब्लोअरकडे बघितलं, मग कडेवरच्या मुंगीकडे बघितलं, मग परत ब्लोअरकडे. एवढं झाल्यावर कुठली आई सहाशेवाली सर्व्हिस मागेल?

"जेट मारा," मुंगीची आई म्हणाली.

एसीखाली प्लास्टिकची मोठी पिशवी टांगली गेली, पंप घरघरला आणि पिशवीच्या नळीतून बादलीत शाईसारखं पाणी पडू लागलं. मुंगीच्या आईने सवयीने वाकून ते निरखलं. गढूळपणा, वास, तरंगणारा गाळ. कागदावर नोंदवायला प्रयोगशाळेतली मोजपट्टीच पुरली नसती. अशा हवेत आपण पोटच्या पोरीला निजवत होतो, या विचाराने तिने मुंगीचं नाक हाताने झाकलं. बाराशे तर स्वस्तच, असं तिला वाटलं. असं वाटावं म्हणूनच बादली पारदर्शक असते.

"गॅस जरा कमी वाटतोय, मावशी," तो निघताना म्हणाला.

"वाटू दे," आजी म्हणाल्या.

मग त्याने बटण दाबलं. एसीची पट्टी उघडली, गार वारा आला, आणि बाकी काहीच आलं नाही. घुर्र नाही, टक नाही.

"चालू आहे की बंद, कळायचं नाही तुम्हाला," तो अभिमानाने म्हणाला. आजींनी हात लावून वारा तपासला आणि पहिल्यांदाच कुठल्या तरी खर्चाला मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दीडला मुंगी झोपली. एक पन्नासला वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि मुंगीचे डोळे टक्क उघडले. पुन्हा थोपटलं. दोन दहाला समोरच्यांची बेल. दोन वीसला जिन्यात कुणीतरी फोनवर आपल्या मेव्हण्याचा उद्धार केला. त्यानंतर मुंगी झोपलीच नाही. आईने पुस्तकाचं पान उलटलं, त्याच्याही आवाजाने तिने मान वळवली.

आठ महिने त्या घुरघुरीच्या आडोशाला ही इमारत काय काय करत होती, ते मुंगीच्या आईला आत्ता कळलं. भांडी पडत होती, ड्रिल चालत होते, कुणी शिकाऊ माणूस एकच गाणं पेटीवर चुकत होता. हे सगळं बाराशे देऊन आपण घरात घेतलंय, हेही कळलं.

चार दिवसांत तिचे दोन प्रश्न सोडवून झाले. तेही पहिल्या प्रकरणातले.

उपाय झाले. मिक्सर लावून पाहिला. मुंगी झोपली नाही, आजी मात्र उठल्या, आणि त्या कशा उठल्या ते न सांगितलेलंच बरं. पंख्याला कागदाची पट्टी चिकटवली, तर मुंगी ती पट्टी बघत तासभर मजेत खिदळली. रविवारी मुंगीचा बाबा तिच्याशेजारी आडवा झाला आणि तोंडाने एसीचा आवाज काढू लागला. "घुर्र-टक, घुर्र-टक." आवाज हुबेहूब होता. दहाव्या मिनिटाला तो स्वतः झोपला आणि खराखुरा घोरू लागला. मुंगी उठून बसली आणि बापाच्या उघड्या तोंडात बोट घालून तपासणी करू लागली.

"तू हे रोज ऑफिसला न जाता करू शकशील का?" मुंगीच्या आईने विचारलं.

"काय?"

"झोप तू."

शेवटी तिने तक्रार नोंदवायला घेतली. फोनवरच्या यादीत चारच तक्रारी होत्या: थंड होत नाही, पाणी गळतं, वास येतो, आवाज जास्त येतो. आवाज अजिबात येत नाही, अशी तक्रार कुणी करेल हे यादी बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. तिने खूप विचार केला आणि त्यातल्या त्यात जवळचं म्हणून चौथ्यावर बोट ठेवलं.

मंगळवारी, नेमका दीड वाजता, मेकॅनिक हजर. मुंगी आईच्या खांद्यावर, झोपेने लालबुंद आणि झोपायला नकार देऊन भोकाड पसरलेली. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. कान एसीकडे लावला. स्टुलावर चढला, परत कान लावला. खाली उतरला.

"ताई, आवाज कुठाय?"

"तेच विचारायला बोलावलंय, दादा."

तिने सगळं सांगितलं. परीक्षेसकट. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

"ताई, तो आवाज घाणीचा होता. ब्लोअरला एका अंगाने थर बसला की तो डुगडुगतो. तसा थर बसायला वर्ष जातं."

"लवकर नाही का बसत?"

"अठरा वर्षं मी घाण काढतोय. भरायचा रेट माझ्याकडे नाही." त्याने डोकं खाजवलं. "आत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला तर टकटक येईल. पण मोटर जळली तर चार हजार."

चार हजार भागिले चौदा दिवस, असा हिशेब मुंगीच्या आईने खरोखर मनात करून पाहिला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

एवढ्यात आजींचं दार उघडलं. बेलने झोपमोड झालेल्या, केस सुटलेल्या, आणि भांडायला पूर्ण ताज्या.

"काय झालंय?"

"काही नाही, मावशी. निघतोच आहे. व्हिजिटचे तीनशे तेवढे."

"तीनशे कसले? काही सापडलं का तुला?"

"नाही सापडलं, त्याचेच तीनशे."

"आणि सापडलं असतं तर?"

"तर त्याचे वेगळे."

"म्हणजे आजारी असलं तर औषधाचे आणि धडधाकट असलं तर धडधाकट असल्याचे!"

"पेट्रोल आहे, मावशी. वेळ आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"तुझ्या जागी मी असते तर सहाशेच्या गिऱ्हाइकाला टॉर्च मारून बाराशेला नसतं पाडलं."

ते चालूच राहिलं. तीनशेचे दोनशे, दोनशेचे अडीचशे, मध्येच गॅस, मध्येच शेजारणीचा एसी, मध्येच त्याच्या बायकोचा गुडघा. एकाचा आवाज चढायचा, दुसऱ्याचा उतरायचा, थोडं थांबायचं, परत चढायचं. मुंगीच्या आईला खांदा जड झाल्यासारखा वाटला. तिने मान वाकडी करून पाहिलं. मुंगी झोपली होती. तोंड उघडं, मूठ सैल.

आजींना ते दिसलं आणि त्या गप्प झाल्या. मेकॅनिकही गप्प झाला. खोली शांत होताच मुंगी चुळबुळली, तोंड वेडंवाकडं केलं.

मुंगीच्या आईने घाईघाईने हाताने खूण केली: चालू द्या, चालू द्या.

"काय?" मेकॅनिक कुजबुजला.

आजींना आधी कळलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, त्याला खुर्ची दाखवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं, ते तीनशे राहू दे. वर्षाचा करार कसा करतोस ते सांग. अगदी सावकाश सांग."

त्याने सांगितलं. वर्षाला तीन सर्व्हिस, गॅस धरून अमुक, गॅस सोडून तमुक, काँप्रेसर कशात येत नाही. आजींनी दर कलमाला हरकत घेतली. मुंगीच्या आईने लेकीला पाळण्यात ठेवलं, बाहेरच्या टेबलाशी जाऊन बसली आणि साडेतीनपर्यंत पूर्ण एक प्रकरण संपवलं. तिने परत येऊन पाहिलं तेव्हा मेकॅनिकचा घसा बसला होता. आजींनी त्याला मुकाट्याने तीनशे काढून दिले. त्याने पन्नास परत केले.

"असू दे, मावशी. माझं एवढं कुणी ऐकून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी दीडला आजींचं दार लागलं नाही. त्या एसीवाल्यांच्या जाहिरात-पत्रकांचा एक गठ्ठा आणि फोन घेऊन पाळण्याशी येऊन बसल्या.

"पुढच्या वर्षीची चौकशी आत्ताच करून ठेवलेली बरी," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या आणि पहिला नंबर फिरवला. "हॅलो. एसी साफ करायचे काय घेता?"

"स्प्लिट की विंडो, मॅडम?"

"आधी दोन्ही सांगा."

अशा रीतीने अकरा दिवसांत आजींनी शहरातले झाडून सगळे सर्व्हिसवाले पालथे घातले. कोण पाचशे सांगून आत आल्यावर आठशे करतो, कोणाची जेट खरी आणि कोणाची नुसती बागेची नळी, हे त्यांना तोंडपाठ झालं. मुंगी शांत झोपत होती. आईची प्रकरणं एकामागून एक संपत होती. परीक्षेचं नाव मात्र आजींनी एकदाही काढलं नाही, आणि मुंगीच्या आईनेही आभार मानायचा धोका पत्करला नाही.

एका संध्याकाळी मुंगीचा बाबा गोंधळून घरी आला. "मला आज कुणाचा तरी फोन आला. आपल्याकडे सात एसी आहेत म्हणे?"

"एकच आहे म्हटलं की फार लवकर उरकतात," आजी म्हणाल्या. "तुझा नंबर मी सुटसुटीत म्हणून देते."

परीक्षेच्या आदल्या दुपारी मुंगीची आई जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला बसली. तीन तासांची. दीडला सुरुवात केली, म्हणजे साडेचारला संपणार. साडेतीनच्या सुमाराला आतून मुंगीचा आवाज आला. रडण्याचा नव्हे, जाग आली की काढते तसला, हुंकाराचा. आईने पेन खाली ठेवलं आणि उठली.

मुंगी आजींच्या मांडीवर होती, टक्क जागी, एका पत्रकाचा कोपरा चावत. आजींच्या कानाला फोन, पापण्या झोपेने अर्ध्या मिटलेल्या, आणि तोंड चालूच.

"उठली का? द्या इकडे, आई. तुम्ही पडा आता."

आजींनी फोनवर तळहात ठेवला. "झाला का पेपर?"

"तास राहिलाय."

"मग कशाला आलीस? हा अजून नवशेवरच अडून बसलाय. मला साडेसातशेवर आणायचाय. जा."

"पण ती जागी आहे."

"ती जागी आहे, मीही जागी आहे. तुझं काय काम आहे इथे?"

मुंगीने आईकडे बघितलं, ओळखीचं हसली, आणि हात काही पुढे केले नाहीत. तिने पुन्हा पत्रकात तोंड घातलं. मुंगीच्या आईला आत कुठेतरी बारीकसं टोचलं. मग तिने घड्याळ पाहिलं. उरलेल्या तासातली चार मिनिटं गेली होती, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं काम तिने परीक्षेनंतरवर ढकललं आणि परत जाऊन लिहायला बसली.