माळेआडचा कॅमेरा

मी एक जुना ट्रेल कॅमेरा आहे, आणि खरं सांगायचं तर आज तुमच्यासमोर बोलायला तोंड उघडताना मला लाज वाटते. तरीही मित्रांनो, ऐकून घ्या. माझा रंग खोडासारखा मळकट आहे, कारण ओकच्या बुंध्याला बांधल्यावर मी हरणांना दिसू नये. समोरून काही उबदार हललं की मी त्याचा फोटो काढायचा आणि मालकाच्या फोनवर पाठवायचा, एवढंच माझं काम. पण ते सगळं पोटावर चालतं. पोटात पेन्सिल सेल आणि डोक्यावर तळहाताएवढं सोलर पॅनेल. पोट भरलेलं असलं की मी राजा, आणि रिकामं झालं की नुसतं खोकं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुकान. तिथे जाड मोजे आणि बदकांना बोलावायच्या शिट्ट्या यांच्यामध्ये मी बरेच महिने पडून होतो. एका शनिवारी सत्यजितने मला उचललं. सत्यजित मूळचा नागपूरचा. आता अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहतो, तिथेच कॉम्प्युटरवर काम करतो. आयुष्यात कधीतरी आपलं स्वतःचं रान असावं, या हौसेपोटी त्याने उत्तरेला, व्हर्जिनियाच्या हद्दीजवळ, जंगलाचा एक तुकडा घेतला होता. रान शिकारीचं आणि मालक अंडंही न खाणारा, अशी ती गंमत होती.

शिकार करायचे ते शेजारचे वेंडलकाका. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांचा जन्म पलीकडच्याच घरातला, आणि या रानात ते वडिलांचं बोट धरून हिंडलेले. सत्यजितने त्यांना हरणाच्या शिकारीची परवानगी दिली होती. त्याच्या बदल्यात ते गेट दुरुस्त करायचे, वादळात पडलेली झाडं कापून रस्ता मोकळा करायचे. सत्यजितची बायको रेणू त्यांना सरळ 'वेंडल काका' अशीच हाक मारायची. काका म्हणजे कोण, हे तिने त्यांना समजावून सांगितलं होतं, आणि त्या हाकेला ते ओ द्यायचे.

मला जेवू घालायचे तेही काकाच. गारठ्यात सेल लवकर दमतात, म्हणून ते नवे सेल शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून आणायचे. जुन्यात नवे कधी मिसळायचे नाहीत. माझं दार उघडून आतल्या पट्ट्या रुमालाने पुसायचे आणि मग दार असं हलकेच लावायचे, की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

ते दिवस फार चांगले होते. मी कोल्हा टिपला, पिल्लांची रांग घेऊन चाललेली रानटर्की टिपली, एकदा तर चक्क अस्वल टिपलं. सत्यजित ते फोटो ऑफिसात दाखवायचा, मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. 'तुमचा कॅमेरामन भारी आहे हं!' असं लोक लिहायचे. ते वाचून सत्यजित फुगायचा आणि त्याच्यासोबत मीही फुगायचो.

मग दसरा आला. नागपूरला सत्यजितच्या वडिलांचं छोटंसं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथल्या लेथ मशीनला हळदकुंकू आणि झेंडूची माळ चढायची, आणि त्या दिवशी मशीनला कुणी हात लावायचा नाही. सत्यजितने ती पद्धत इथेही सोडली नव्हती. गाडीची पूजा झाली, लॅपटॉपची झाली, आणि यंदा शनिवारी तो रेणूला घेऊन माझ्यापर्यंत आला. माळ मात्र प्लास्टिकच्या झेंडूची होती. दरवर्षी धुऊन वापरायची ती.

"अरे, लेन्सवर कुंकू नको लावू, साइडला लाव," रेणू म्हणाली. "आणि ही माळ समोर लोंबतेय बघ. सेन्सरला ब्लॉक नाही ना करणार?"

"काही नाही होत गं. मस्त दिसतोय यार! थांब, एक फोटो काढतो."

माळ पॅनेलवरून, दाराच्या खिटीवरून फिरवून घट्ट बांधली होती आणि तिचं टोक माझ्या डोळ्यापुढे लोंबत होतं. आणि मी? मी खुशीत होतो, मित्रांनो. कधी कुणी मला ओवाळलं नव्हतं. दसरा सण मोठा, नाही आनंदाला तोटा, तशी माझी गत झाली होती.

आठवडाभर हवा शांत होती. मग वारं सुटलं. ऊन खाऊन तापलेलं माळेचं टोक हलायला लागलं. मला वाटलं, कुणीतरी आलं. फोटो काढला, पाठवला. पुन्हा हललं, पुन्हा काढला. दिवसभर मी झेंडू टिपत राहिलो. एकेक फोटो पाठवायला पोटातली ताकद लागते, आणि पॅनेलवर तर फुलांचंच पांघरूण, म्हणजे वरून येणारा घासही बंद. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तसं सगळं झालं. शिकारीचा मुख्य मोसम सुरू होण्याच्या तोंडावर माझे डोळे मिटले.

पुढचं मला नंतर कळलं. झेंडूच्या फोटोंना वैतागून सत्यजितने फोनवर मला म्यूट करून टाकलं होतं. मोसमाच्या पहिल्या सकाळी मात्र त्याने हौसेने फोन उघडला, तर माझ्याकडून काहीच नाही. मंडळातलं कुणीतरी म्हणालं, "हे शिकारवाले असंच करतात. लिमिटपेक्षा जास्त हरणं मारायची, म्हणून आधी कॅमेरा बंद." सत्यजितला ते पटलं. त्याने काकांना मेसेज पाठवला, की कॅमेरा नेमका आजच बंद पडला आहे, कुणी बंद केला ते मला कळलंच पाहिजे, आणि मी येऊन बघेपर्यंत तुम्ही रानात येऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी. काकांनी उत्तरात फक्त 'ओके' लिहिलं.

ऑफिसच्या कामातून सत्यजितला लगेच निघता आलं नाही. तो आणि रेणू आले तेव्हा मोसम निम्म्याहून जास्त सरला होता. गेटच्या खांबावर काकांनी आपल्याकडची किल्ली दोऱ्याने बांधून ठेवली होती. ती घेऊनच दोघं माझ्यापाशी आले. रेणूने माळ सोडवली, दार उघडलं, नवे सेल घातले. मला जाग आली ती तिच्या आवाजाने.

"बंद कुणी केलेला नाहीये, सत्या. बटण ऑनच आहे. बॅटरी संपली होती. फोटो नीट बघितले होतेस का तू?"

"सगळे झेंडूचेच होते गं. म्यूट केलं मी."

"दाखव."

तिने फोन घेतला आणि बोटाने पुढे पुढे जात राहिली. झेंडू, झेंडू, झेंडू. आणि अगदी शेवटी, मी झोपण्यापूर्वीचे तीन फोटो. पहिल्यात वेंडलकाका समोर उभे, हातात नव्या सेलचं पाकीट. दुसऱ्यात त्यांचा हात खिटीकडे येऊन माळेजवळ थांबलेला. तिसऱ्यात त्यांनी टोपी काढून छातीशी धरलेली.

सत्यजितने नजर दुसरीकडे वळवली. मी टिपलेले ते फोटो मलाही बघवेनात. हे तीन फोटो त्याच्या फोनवर सगळा वेळ पडून होते. मी आणखी तीन फोटो काढले असते, तर काका माळ न सोडता परत जाताना दिसले असते. पण माझी सगळी ताकद मी फुलांवर उधळली होती.

"काका म्हणतो ना आपण त्यांना?" रेणू म्हणाली. "काकांना असं लिहितात?"

ती मला हातात धरूनच काकांच्या घरी निघाली. सत्यजित मागून आला. काका व्हरांड्यातच बसले होते. उठले, रेणूला खुर्ची दिली. सत्यजितने माफी मागितली. शब्द त्याला नीट सापडत नव्हते. शेवटी म्हणाला, "तुम्ही ती माळ काढून सेल बदलले असते तर काही बिघडलं नसतं."

काका त्यांच्या संथ इंग्रजीत बोलले, त्याचा अर्थ असा: "कुंकू लावलं होतं, फुलं बांधली होती. मला वाटलं, प्रार्थना आहे. आमच्या चर्चमधल्या फुलांना न विचारता कुणी हात लावला तर मला आवडणार नाही. तुम्ही आलात की विचारू, असं ठरवलं होतं."

"मग मेसेजच्या उत्तरात हे का नाही लिहिलंत?"

काकांनी मला रेणूच्या हातातून घेतलं, दार उघडून सेल काढले. आतल्या पट्ट्यांवर गळक्या सेलची पांढरी भुकटी धरली होती, ती रुमालाने पुसली. मग सेल परत घालून दार लावत म्हणाले, "तुम्ही काही विचारलंच नव्हतं. तुम्ही ठरवून मोकळे झाला होतात."

सत्यजितने खिशातून किल्ली काढून पुढे केली. काकांनी ती घेतली नाही. यंदा चुलतभावाच्या रानात जातोय, असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सत्यजितची मान खाली गेली होती आणि मला कुठे लपावं ते कळत नव्हतं. ज्या हातांनी मला इतकी वर्षं जेवू घातलं, त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी साक्षीलाही उभा राहू शकलो नाही.

आता मी पुन्हा ओकवर आहे. सेल बदलायला सत्यजित स्वतः दोन तास गाडी चालवत येतो, नवे सेल खिशात उबवून आणतो. फोटो एकही न चुकवता बघतो. हरणं येतात, कोल्हा येतो, टर्की येतात. काका येत नाहीत. दर खेपेला जाताना सत्यजित ती किल्ली घेऊन त्यांच्या व्हरांड्यात जाऊन येतो, आणि किल्ली घेऊनच परततो.

मित्रांनो, आमची पूजा खुशाल करा, पण माळ तेवढी डोळ्याच्या बाजूला बांधा. वेळेवर सेल बदला, जुन्यात नवे मिसळू नका, पॅनेल पुसत जा. आणि कधी आम्ही गप्प झालोच, तर कुणाकडे बोट दाखवण्याआधी आमचं दार उघडून बघा. तेवढ्यानेही कळलं नाही, तर ज्याच्यावर संशय आहे त्याच्या दारात जा आणि त्याला विचारा. ठरवून जाऊ नका, विचारायला जा.