सव्वा दिवसाची फेरी

सुचितानं खलबत्त्यात लसूण इतक्या जोरात ठेचला की एक पाकळी उडून गॅसमागे पडली. ओट्यावर मोबाइल उघडाच होता. तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक श्रीधर सर यांनी शोधनिबंधाचा मसुदा पाठवला होता. अठरा लेखक, पहिलं नाव तिच्यासोबत काम करणाऱ्या प्रतीकचं. तिचं नाव शेवटच्या पानावर, आभारात: मोजणीसाठी मदत.

शकुबाई बोरगावच्या वावरातून कापूस वेचून नुकतीच परतली होती.

"कोनावर राग काढून राहिली वं?"

"माह्या ताऱ्यावर दुसऱ्याचं नाव टाकलं, माय."

दोन वर्षांपूर्वी पुण्याकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी चाळताना सुचिताला तो पल्सार दिसला होता. सेकंदाला तीनशे बारा वेळा स्वतःभोवती फिरणारा मेलेला तारा. दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका. पण ठोक्यांमधलं अंतर रोज किंचित बदले. ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, हा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतोय. जवळ येताना ठोके घाई करतात, लांब जाताना रेंगाळतात."

"मोबाइल टॉवरचा गोंगाट आहे तो," सर हसले होते. "तुमच्या गावाकडे, सौंसरला, टॉवर नाहीत वाटतं?"

ती तरीही मोजत राहिली. या महिन्यात शीतलच्या, धाकट्या बहिणीच्या, लग्नासाठी ती घरी आली आणि तिकडे संगणकावरच्या तिच्याच नोंदी घेऊन प्रतीकनं निबंध लिहून टाकला.

तिसऱ्या पानावर तिचा अंगठा थबकला. जोडीदाराभोवतीची एक फेरी, पाच दिवस.

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. दुर्बीण रोज त्याच वेळी अर्धा तास लावली, तर सव्वा दिवसाची फेरीसुद्धा पाच दिवसांची भासते. म्हणूनच तिनं एका रविवारी सलग सहा तास नोंद घेतली होती. तेवढ्यातच ठोके इतके सरकले होते की पाच दिवस शक्यच नव्हते. त्या रविवारची नोंद कुणी उघडून पाहिलीच नव्हती.

"ते चुकले, माय. छापून आलं की जगभर हसतीन त्याईले."

"मंग हसू दे ना!" शकुबाई तांब्या आपटत म्हणाली. "तू चूप राय. तुही कदर केली काय त्यानं?"

सुचितानं भाजीला फोडणी दिली. कढई चरचरली. गप्प राहिलं तर फजिती त्यांची. बोललं तर सर दुखावणार, आणि तिच्या प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. तिनं गॅस बंद केला.

"तो सव्वा दिवसात फिरते," ती म्हणाली. "पाच कायले लिहू देऊ?"

रविवारची नोंद, आकडेमोड आणि दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या नोंदीची तारीख, सगळं तिनं पाठवलं. अठराही जणांना.

दहा मिनिटांनी सरांचा फोन आला.

"सुचिता, हे मला एकट्याला सांगायला हवं होतं."

"एकट्याला सांगितलं होतं, सर. तेव्हा तुम्ही हसला होता."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"सांग. लिहून घेतो."

सुचिता एकेक आकडा सांगत गेली. तिचा आवाज शेवटपर्यंत कोरडा होता. आता एकदाही तिनं त्यांना सर म्हटलं नाही.