सात वेळा पाहिलेला धडा

लेकराला लातुरात अकरावीला घातलं की एका घराची दोन घरं होतात, हे आपल्याकडे आता कुणाला सांगावं लागत नाही. वडील गावी दुकान नाहीतर नोकरी सांभाळतात आणि आई लेकराबरोबर क्लासजवळ खोली करून राहते. तिनं दोन वर्षं डबे करायचे, पहाटे हाक मारायची आणि घरात टीव्ही येऊ द्यायचा नाही. पण लेकरू क्लासला गेल्यावर ही बाई दिवसभर त्या खोलीत काय करत असेल, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडतो?

मंजुश्री उदगीरची. नवरा मल्लिनाथ याचं तिथं किराणा दुकान. मुलगी शिवलीला डॉक्टर व्हावी म्हणून मायलेकी लातुरात सौदामिनीबाईंच्या वरच्या खोलीत राहायला आल्या होत्या. बाई निवृत्त शिक्षिका, खाली एकट्याच असत. शिवलीला सकाळी सातला जायची ती संध्याकाळी सातला यायची. क्लासात मोबाइल न्यायला बंदी होती, त्यामुळे तिचा मोबाइल दिवसभर खोलीतच पडून असे.

तो मोबाइल घेताना मल्लिनाथनं एक चूक केली होती, जी आपल्या निम्म्या घरांत झालेली आहे. दुकानदारानं विचारलं, "नवीन खातं काढू का?" तर हा म्हणाला, "कशाला? माझ्याच खात्यावर चालू करा. घरात एक बस झालं." त्यामुळे लातूरच्या मोबाइलवर जे जे व्हिडिओ पाहिले जात, त्यांची यादी उदगीरला गल्ल्यावर बसलेल्या मल्लिनाथलाही दिसू शकत होती. आठ महिने त्याच्या हे ध्यानातच आलं नाही. मग एके दिवशी शिवलीलाचे टेस्टमधले मार्क तीसनं उतरल्याचा क्लासचा मेसेज आला, मल्लिनाथ चिडून स्वतःचा मोबाइल चाळायला लागला आणि ती यादी त्याच्यासमोर आली.

क्लासला सुट्टी होती त्या दिवशी पहिल्या एसटीनं तो लातूरला हजर झाला. चहासुद्धा घेतला नाही. खिशातून बिलाचा कागद काढला. मागच्या बाजूला त्यानं सगळी यादी उतरवून आणली होती.

"मधमाशा पोळं कसं बांधतात," तो वाचायला लागला. "मोडी कशी वाचायची. समुद्राचं पाणी खारट का. गुरूला चंद्र किती. आन् हे बघ, भूकंप का होतो. सात वेळा! शिवे, भूकंप नीटच्या परीक्षेला येतो का?"

शिवलीलानं एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "न्हाई, अप्पा."

"मग मार्क काय वाऱ्यानं कमी झाले? बॅग भर. हॉस्टेलात टाकतो तुला. तिथं मोबाइल काढून घेतात. आई बी महिन्यातून एकदाच भेटंल."

मंजुश्री ओट्यापाशी उभी होती. बोलायला हवं होतं, पण तिची जीभ उचलेना. चौथीत शाळा सुटलेली, चाळिशीला टेकलेली बाई चोरून शिकते, हे नवऱ्याला सांगायची तिला लाज वाटत होती. तिकडे पोरीनं एक शब्द न बोलता बॅगेत पुस्तकं भरायला सुरुवात केली. आईचं नाव तिनं घेतलं नाही. ते पाहून मंजुश्रीला स्वतःचाच राग आला.

"आवो, थांबा. ते मी बघितलंय."

मल्लिनाथला कळेचना. "काय बघितलंय तू?"

"सगळं. एकदा शिवा मोबाइलवर धडा चालूच ठेवून क्लासला गेली. तो संपला, मला बंद करता येईना. आपोआप पुढं मधमाशा लागल्या. लई चांगलं सांगत होते ते मास्तर. मग रोज बघत गेले. शिवाला ठाऊक हाय, तिनंच शोधायचं कसं ते शिकवलं."

"तुला काय करायचंय शिकून? फुकट मिळतं म्हणून काय बी बघायचं व्हय?"

आवाज ऐकून सौदामिनीबाई जिना चढून वर आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "मल्लिनाथ, फुकट आहे म्हणून राग आहे का बायकोनं पाहिलं म्हणून?"

"बाई, मी दुकानदार माणूस. फुकटच्या मालात दम नसतो. आम्ही देतो का कुणाला फुकट?"

"तुमच्याकडची डाळ एकाला दिली की पोतं तेवढं रिकामं होतं. मी तीस वर्षं शिकवलं, माझ्याकडचं काही कमी झालं नाही. म्हणून तर चांगले चांगले प्राध्यापक आपले धडे असे मांडून ठेवतात, ज्याला हवे त्यानं घ्यावेत. तिथं वयाचा दाखला लागत नाही, की पहिल्या बाकासाठी परीक्षा नाही. कचराही आहे, नाही असं नाही. म्हणून मी हिला सांगितलं, कोण शिकवतंय ते आधी बघायचं आणि एकाचं ऐकलं की दुसऱ्याकडून ताडून घ्यायचं. तुम्ही डाळ घेताना दोन आडतींत भाव विचारता, तसंच."

डाळीचा हिशेब मल्लिनाथला पटला असावा, कारण तो कॉटवर बसला. कागदाकडे पाहत म्हणाला, "बरं. पर एकच धडा सात बार कशाला?"

मंजुश्री त्याच्याशेजारी बसली. तिचं माहेर किल्लारीजवळचं आणि त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा धाकटा भाऊ बसवंत गेला, एवढं त्याला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यापुढचं त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

"विसर्जनाला गणपती माझ्या हातात होता," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. पायरीवर निसटला आन् मूर्तीचा हात मोडला. भिऊन कुणाला सांगितलं न्हाई, ओली माती लावून तसाच चिकटवला. दुसऱ्या पहाटं जमीन हलली. सगळे म्हणायचे, देव कोपला. मला वाटलं, माझ्यामुळं कोपला. बसू माझ्यामुळं गेला."

शिवलीलाच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

"मग त्या धड्यात काय सांगितलं?" मल्लिनाथनं विचारलं. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता.

मंजुश्रीनं बॅगेतून दोन जाड पुस्तकं काढली, फरशीवर ठेवली आणि एक दुसऱ्याखाली रेटत नेलं. "ही आपली जमीन. वर्षाला दोन बोटं उत्तरेकडं सरकती आन् तिकडं हिमालयाखाली घुसती. त्याचा ताण इथवर येतो. खाली कुठं जुना, कच्चा खडक असला की तिथं तो सुटतो. लाखो वर्षं चालू हाय हे. आन् आपल्या भिंती दगडमातीच्या, जड, म्हणून माणसं दबली. एका मास्तराचं पाच बार ऐकलं. खरं वाटंना, म्हणून दुसऱ्याचं दोन बार. कुणी बी गणपतीचं नाव घेतलं न्हाई."

मल्लिनाथ ती दोन पुस्तकं बघत राहिला. कष्टानं शिकायला ठेवलेल्या मुलीच्याच खोलीत आपली बायको तीस वर्षांचं ओझं एकटीनं उतरवत होती आणि आपण तिची यादी करून पोरीला जाब विचारायला आलो! त्याला फार वाईट वाटलं. तो उठला आणि बॅगेतली पुस्तकं एकेक काढून पुन्हा फळीवर लावायला लागला.

"शिवा, मार्काचं पुढच्या टेस्टला बघू," एवढंच तो म्हणाला. दुपारी जेवून निघताना त्यानं मंजुश्रीला विचारलं, "गुरूला खरंच किती चंद्र हायत गं?" तिनं आकडा सांगितला तेव्हा त्याला तो खोटाच वाटला.

पुढच्या आठवड्यात शिवलीलानं मोबाइल उघडला आणि ती आईला हाक मारत सुटली. यादीत नवीन धडे होते. डाळीला कीड का लागते. विमान वर कसं राहतं. गुरूच्या चंद्रांवरचा दुसऱ्याच मास्तरांचा धडा. हे दोघींनीही पाहिलेलं नव्हतं. एकाच खात्यावर उदगीरहून दुसरा विद्यार्थी आला होता.

मंजुश्री हसत हसत यादी खाली सरकवत गेली आणि शेवटच्या धड्यावर थांबली. भूकंपातून वाचलेल्या लेकरांच्या मनात भीती का राहते आणि त्यांच्याशी कसं बोलावं, असा तो धडा होता. मल्लिनाथनं तो तीन वेळा पाहिला होता.

वाचकहो, आपण लेकरांच्या मार्कांसाठी घरं दोन करतो, पण घरातल्या मोठ्या माणसाला काय जाणून घ्यायचं आहे हे विचारत नाही. ज्ञान आज उंबऱ्यापर्यंत आलं आहे आणि ते सिलॅबसपुरतं नाही, वयापुरतंही नाही. ते पारखून घ्या, दोन ठिकाणी ताडून घ्या, पण घ्या. आणि घरात कुणी काही शिकताना दिसलं, तर याचा उपयोग काय असं विचारण्याआधी, त्यात काय सांगितलं ते विचारा.