चिमट्याने पाहिलेला खोटा कापूस

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांसाठी मला घडवलं, म्हणून माझी टोकं सुईसारखी बारीक. पण घड्याळं काही माझ्या नशिबी आली नाहीत. कुवेतमध्ये, सालमियातल्या एका ई-सिगारेटच्या दुकानात, रत्नागिरीकडच्या सिराजच्या हाती मी सहा वर्षं राबलो.

ई-सिगारेटच्या कार्ट्रिजमध्ये तापणाऱ्या तारेपाशी कापूस भरावा लागतो. तो आतला द्रव शोषून धरतो. सिराज शुद्ध, ब्लीच न केलेलाच कापूस घ्यायचा. "इथं जे तापतं ते माणसाच्या छातीत जातं," असं तो म्हणायचा. गिऱ्हाइकं त्याच्या हाताचं कौतुक करत, तेव्हा त्यात माझाही वाटा आहे असं वाटून मी सुखावायचो.

त्या गिऱ्हाइकांत जयराम होता. गुहागरकडचा वेल्डर, कुवेतमधल्याच मंगफ भागात चार जणांत खोली करून राहायचा. सिगारेट सुटावी म्हणून त्याने हे धरलं होतं. "सिराजभाय, मी तू भरलेलीच ओढतो," म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात कापूस संपला. मालक हुसेन यांनी एक फुगलेली पिशवी आणून ठेवली. उशीत भरतात तसला पांढरा, पिंजलेला माल. सिराजने त्यातला चिमूटभर माझ्या टोकात धरून लायटर लावला. खऱ्या कापसाची राख होते. हा आक्रसला, वितळला आणि काळा गोळा होऊन मला चिकटला. प्लास्टिकचा उग्र वास सुटला.

"हुसेनभाई, हे प्लास्टिक आहे. हे भरता येणार नाही."

"नवा माल येईपर्यंत भर," हुसेन म्हणाले. "नाहीतर तुझा अकामा रद्द करतो."

अकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. सिराजची बायको झुलेखा आणि दोन मुली त्याच परवान्याच्या आधारावर इथे होत्या. सिराज मान खाली घालून तोच माल भरू लागला.

महिन्याभरात जयराम दम लागून इस्पितळात दाखल झाला. सिराज भेटायला निघाला, तेव्हा मी त्याच्या खिशातच होतो. जयरामच्या नाकाला प्राणवायूची नळी होती.

"कापूस बदललास काय?" त्याने विचारलं.

"होय."

"मला सांगायचंस रे. मी ओढली नसती."

सिराज तसाच उठला, डॉक्टरांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्या खोट्या कापसानेच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी जयराम वारला.

सिराजच्या सांगण्यावरून तपासणी झाली, पिशवी जप्त झाली आणि दुकानाला कुलूप लागलं. सिराजचा अकामाही गेला. आता तो गावी आहे. मी त्याच्या पेटीत गंजत पडलोय. त्याने मला पुन्हा हातात घेतलेलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, मला बोलता येत नव्हतं. सिराजला येत होतं, पण तो एक महिना उशिरा बोलला. तुमच्या हातून जे दुसऱ्याच्या श्वासात जाणार आहे, ते खोटं आहे असं कळलं, तर त्याला त्याच दिवशी सांगा.